जावयाचं घड्याळ

मंगनीच्या दिवशी सगळं बोलणं सुरळीत पार पडलं. मेहरची रक्कम ठरली, निकाहची तारीख ठरली, वलीमा त्यांच्याकडे महाडला होणार हेही ठरलं. देण्याघेण्याचा विषय आम्ही काढला नाही आणि त्यांनीही काढला नाही, म्हणून आम्ही मनातल्या मनात अल्लाहचे आभार मानले. निघताना, सगळे दारात चपला शोधत होते त्या गडबडीत, मुलाची खाला सहज बोलून गेली, "आमच्यात नवऱ्या मुलाला घड्याळ देतात. मोठ्याला त्याच्या सासऱ्यानं रोलेक्स दिलं होतं. अर्थात, ज्याची त्याची ऐपत."

एवढंच. ती मागणी नव्हती. मागणी असती तर नाही म्हणता आलं असतं.

आम्ही म्हणजे आम्ही दोघं, नवरा-बायको. पुढं जे लिहिलंय त्यातली कुठली गोष्ट कुणाच्या डोक्यातून निघाली, हे आम्ही वेगळं करून सांगणार नाही. त्यावरून घरात दोनदा भांडण झालंय, तिसरं नको.

महाडहून चिपळूणला परत येताना एस.टी.त आम्ही घड्याळावरच बोलत होतो. आमच्या स्वतःच्या लग्नात, १९९३ साली, मुलीकडून जावयाला एच.एम.टी. जनता मिळालं होतं. चावीचं घड्याळ, पांढरी डायल, काळा चामडी पट्टा. फजरची नमाज झाली की चावी द्यायची, की दिवसभर बघायला नको. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं बंगळूरला एच.एम.टी.चा घड्याळांचा कारखाना उभा राहिला, आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं आपल्याकडे लग्नातलं घड्याळ म्हटलं की दुसरं नाव डोळ्यासमोर येत नसे. ते घड्याळ आमच्याकडे अठ्ठावीस वर्षं चाललं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा ते खालच्या खणात राहून गेलं. घड्याळजीनं उघडून दाखवलं तर आत चहाच्या गाळासारखा चिखल. सुटे भाग मिळत नाहीत म्हणाला. मिळणार कुठून? एच.एम.टी.ची घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय सरकारनं २०१६ सालीच घेतला होता.

त्या पाण्यात घड्याळ गेलं त्याचं एवढं नाही. आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं, आणि शाळा उघडायच्या हंगामाचा माल नुकताच भरलेला होता. भिजलेली वही कुणी विकत घेत नाही. मुलीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेले पैसे दुकान पुन्हा उभं करण्यात गेले. त्यामुळे रोलेक्स हा शब्द आमच्या घरात आला तेव्हा घरात काय होतं आणि काय नव्हतं, हे वाचणाऱ्याला कळावं म्हणून हे सांगितलं.

रोलेक्सची किंमत आम्हाला माहीत नव्हती. भाच्याला फोन केला. तो कुर्ल्याला मोबाइल दुरुस्त करतो आणि जगातल्या प्रत्येक वस्तूचा भाव त्याला ठाऊक असतो. तो म्हणाला, "मामू, डेटजस्ट नावाचं साधं स्टीलचं घ्यायचं म्हटलं तरी आठ-दहा लाख." आम्ही फोन ठेवला. पाच मिनिटांनी त्याचाच उलटा फोन आला. "खरं कशाला घेता? फर्स्ट कॉपी घ्या. लग्नाच्या फोटोत कोण भिंग लावून बघणार आहे?"

आम्ही त्याला झिडकारलं, असं लिहायला आवडलं असतं.

त्यानं इन्स्टाग्रामवरच्या एका विक्रेत्याचं पान पाठवलं. तिथं शेकडो घड्याळं. भाषा अशी की ऐकणाऱ्याला ती एखादी परीक्षेची श्रेणी वाटावी: फर्स्ट कॉपी, मास्टर कॉपी, सेव्हन-ए, स्विस क्लोन. 'नकली' हा शब्द कुठंही नाही. कंपनीचं नावसुद्धा मध्ये एक चांदणी टाकून लिहिलेलं, म्हणजे शोधणाऱ्याला सापडावं आणि पकडणाऱ्याला सापडू नये. सेलवर चालणारं अडीच हजारांना, अ‍ॅटोमॅटिक म्हणजे मनगटाच्या हालचालीनं आपोआप चावी मिळणारं आठ हजारांपासून, आणि अगदी वरचं तीस हजारांच्या पुढं. आम्ही मधलं ठरवलं. साडेचौदा हजार. दोन हजार आगाऊ, बाकीचे माल हातात आल्यावर.

विक्रेत्यानं आधी दोन रंगी दाखवलं होतं, स्टील आणि सोनेरी. तेच जास्त खपतं म्हणाला. आम्ही ठामपणे नको म्हटलं. पुरुषाला सोनं हराम आहे, निकाहच्या दिवशी जावयाच्या हातात असलं काही नको. "अंकल, सोना नहीं है, सिर्फ कलर है," त्यानं समजावलं. तरी नको. आम्हाला स्वतःचंच कौतुक वाटलं, की बघा, एवढ्या घाईतसुद्धा आपण दीन विसरलो नाही. आज ती गोष्ट आठवली की हसूही येतं आणि मान वर करवत नाही.

आता पुढचा भाग, ज्यात आमचे आठ दिवस गेले. पाठवायच्या आधी विक्रेता त्याच घड्याळाचे फोटो आणि व्हिडिओ पाठवतो, आपण तपासायचे आणि पसंत पडलं तर होकार द्यायचा. या धंद्यात त्याला क्यू.सी. म्हणतात. काय तपासायचं याचे धडे भाच्यानं दिले. रात्री दुकान बंद करून, जेवून, इशा पढून आम्ही दोघं चष्मे लावून मोबाइलवर वाकायचो. दुकानाचा हिशेबसुद्धा आम्ही इतक्या बारकाईनं कधी तपासला नसेल.

तारखेपासून सुरुवात. डेटजस्टच्या काचेवर तीनच्या बाजूला एक छोटं भिंग बसवलेलं असतं, त्यातून तारीख अडीच पट मोठी दिसते. नकलेत भिंगाची ताकद कमी पडते आणि आकडा बारीक दिसतो. आकडा खिडकीच्या बरोबर मध्ये हवा. मग सेकंद काटा. सेलच्या घड्याळात तो टक्‌ टक्‌ उड्या मारतो. खऱ्यात एका सेकंदाला आठ इवल्या पावलांनी सरकतो, म्हणून तो तरंगत गेल्यासारखा वाटतो. मग काचेच्या आत, डायलभोवतीच्या चकाकत्या कड्यावर कंपनीचं नाव गोल कोरलेलं असतं, त्यातली अक्षरं मिनिटांच्या खुणांशी जुळायला हवीत. पाठ उलटी करून बघायची. डेटजस्टची पाठ सपाट आणि कोरी असते. नकला बनवणारे पुष्कळदा हौसेनं तिथं काच बसवतात, आतली चक्रं दिसावीत म्हणून, आणि तिथंच पकडले जातात. आणि सहाच्या आकड्याखाली, काचेतच, लेझरनं कोरलेला एक मुकुट असतो, इतका बारीक की प्रकाश तिरका धरल्याशिवाय दिसत नाही. भाचा म्हणाला, "तो सहज दिसला तर घड्याळ खोटं समजा." ही गंमत आम्हाला फार आवडली. खरेपणाची खूण लपलेली असते, आणि खोट्याला ती दाखवल्याशिवाय राहवत नाही.

पहिल्या व्हिडिओतलं घड्याळ आम्ही नापास केलं. तारखेचा आकडा खिडकीत डावीकडं सरकला होता. आम्ही जरा चढ्या आवाजातच बोललो. एवढे पैसे देतोय, फसवू नका. विक्रेत्यानं माफी मागितली आणि दुसरा नग दाखवला. नकली घड्याळ विकणाऱ्याला आम्ही प्रामाणिकपणा शिकवला आणि त्यानंही तो ऐकून घेतला.

दुसऱ्या नगाचा त्यानं एक वेगळाच व्हिडिओ पाठवला. घड्याळ एका छोट्या यंत्रावर ठेवलेलं. ते यंत्र टिकटिक ऐकतं आणि पडद्यावर आकडे दाखवतं: दिवसाला किती सेकंद पुढं किंवा मागं पडेल, आतलं चक्र किती अंशांचा झोका घेतं, दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं आहे का. आमचं दिवसाला पाच सेकंद पुढं होतं. भाच्यानं सांगितलं, स्वित्झर्लंडच्या अधिकृत चाचणीतसुद्धा सरासरी दिवसाला चार सेकंद मागं ते सहा सेकंद पुढं एवढी मुभा असते. म्हणजे आमचं पास. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. आमच्यातलं एक म्हणालं, "वेळ तर खरी दाखवतं ना? मग घड्याळ खोटं कसं?" दुसऱ्यानं उत्तर दिलं नाही. त्या वेळी ते उत्तरच वाटलं.

भाच्याचा आणखी एक मुद्दा होता, तो बहुतेक सगळेच देतात: एवढी श्रीमंत कंपनी, तिचं काय जातं? त्यावरून आम्ही या कंपनीबद्दल थोडं वाचलं. हान्स विल्सडॉर्फ नावाचा जर्मनीत जन्मलेला, लहानपणीच पोरका झालेला माणूस. १९०५ साली त्यानं लंडनमध्ये भागीदारीत घड्याळांचा धंदा सुरू केला, पहिल्या महायुद्धानंतर तो जिनिव्हाला गेला. १९२६ साली त्यानं पाणी आत न शिरणारं घड्याळ काढलं आणि पुढच्याच वर्षी मर्सिडीज ग्लाइट्झ या पोहणाऱ्या इंग्रज मुलीच्या गळ्यात ते अडकवून तिला इंग्लिश खाडीत उतरवलं. थंडीनं तिला अखेर बाहेर काढावं लागलं, पण कित्येक तास पाण्यात राहूनही घड्याळ चालू होतं. (वाशिष्ठीत आमचं जनता बुडालं होतं, त्यामुळं हा प्रसंग आम्ही दोनदा वाचला.) डेटजस्ट १९४५ चं. विल्सडॉर्फला मूलबाळ नव्हतं. बायको वारल्यावर त्यानं एक धर्मादाय न्यास स्थापन केला आणि सगळी कंपनी त्या न्यासाच्या नावे केली. आजही ती न्यासाच्याच मालकीची आहे. वक्फ नव्हे, पण आपल्याला ओळखीची वाटावी अशी गोष्ट. हे वाचून आमचा बेत बदलला असंही नाही. फक्त 'तिचं काय जातं' हे वाक्य त्यानंतर आम्ही दोघांनीही उच्चारलं नाही.

मग कार्डाचा प्रश्न आला. घड्याळाबरोबर हिरवी पेटी, छोटी पुस्तिका आणि एक हिरवं हमीचं कार्ड येणार होतं. विक्रेत्याचा निरोप आला, "कार्ड पे डेट क्या डालूँ? शॉप कहाँ की चाहिए?"

आम्ही खूप विचार केला. मुलाचा मोठा भाऊ कुवेतला असतो, म्हणजे कुवेतचं दुकान नको, तो चौकशी करू शकतो. मुंबईचंही नको, महाडहून मुंबई किती लांब? आमचा एक चुलतभाऊ शारजाला आहे. तेव्हा दुबईचं दुकान घालायचं आणि त्याच्या हातून मागवलं असं सांगायचं. हे ठरवताना आवाज खाली आला होता, घरात दुसरं कुणी जागं नसतानाही. मग चुलतभावाला फोन केला. कुणी विचारलं तर तू आणलंस म्हणून सांग. तो एका क्षणात म्हणाला, "सांगतो की. त्यात काय?" एकदाही का म्हणून विचारलं नाही. त्यानं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तोवर आम्ही एक वस्तू विकत घेत होतो. त्या फोननंतर आमच्याकडे एक खोटी तारीख होती, एक खोटं दुकान होतं आणि एक साक्षीदार होता. खोटी साक्ष किती मोठ्या गुन्ह्यांच्या रांगेत बसते, हे आपल्यात लहान मुलालाही शिकवतात.

पार्सल मंगळवारी आलं. पैसे दिल्याशिवाय पेटी उघडता येणार नाही, असं कुरिअरवाल्यानं सांगितलं. साडेबारा हजार मोजून दिले. विक्रेत्याची अट होती की पेटी उघडतानाचा व्हिडिओ सलग काढायचा, नाहीतर तक्रार ऐकणार नाही. म्हणून एकानं कात्री धरली आणि एकानं मोबाइल. आत हिरवी पेटी, पेटीत मऊ उशी, उशीवर घड्याळ. खरं सांगायचं तर ते फार देखणं होतं. हातात घेतलं तर वजनदार, गार. चावी फिरवताना आत थोडी करकर जाणवायची, जात्यात खडा आल्यासारखी, पण तेवढीच. शेजारच्या सोनाराकडून डोळ्याला लावायचं भिंग मागून आणलं. कड्यावरची अक्षरं बरोबर. पाठ कोरी. सहाखालचा मुकुट मात्र नुसत्या डोळ्यांनी दिसत होता.

आणि एक परीक्षा शिल्लक होती. भाच्यानं सांगितलं होतं, खऱ्या डेटजस्टमध्ये बरोबर मध्यरात्री तारीख एका झटक्यात बदलते. डोळ्याची पापणी लवायच्या आत. ते बघायचं होतं. मुलगी झोपली तशी आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो, दिवा न लावता, मोबाइलच्या टॉर्चवर.

अकरा वाजून गेल्यावर १७ चा आकडा हलायला लागला. आधी वाटलं भास आहे. मग त्याचा एक भाग खिडकीच्या कडेआड गेला. पावणेबाराला खिडकीत अर्धा १७ होता आणि अर्धा १८, आणि तो तसाच राहिला. भिंगातून मोठा दिसत होता म्हणून जास्तच विचित्र वाटत होता. धड काल नाही, धड आज नाही. लग्नात कुणाच्या लक्षात येणार नव्हतं. मध्यरात्री जावयाच्या मनगटाकडं बघत कोण बसणार? आम्ही बसलो होतो तेवढेच.

त्या अंधारात आमच्यापैकी एकाला मदरशात ऐकलेली गोष्ट आठवली. प्रेषित (स.) बाजारातून जात होते. धान्याच्या एका राशीत त्यांनी हात घातला, तर वरून कोरडी दिसणारी रास आतून ओली निघाली. व्यापारी म्हणाला, पाऊस लागला. तेव्हा त्यांनी विचारलं की मग ओलं धान्य वर का ठेवलं नाहीस, घेणाऱ्याला दिसलं असतं. आणि फसवणारा आपल्यातला नव्हे, असं बजावलं. ही हदीस आम्ही कितीदा ऐकली असेल. दरवेळी भेसळ करणारा दुकानदार डोळ्यांसमोर यायचा, म्हणजे दुसराच कुणीतरी. त्या रात्री लक्षात आलं की विक्रेत्यानं तर आमच्यापासून काहीच लपवलं नव्हतं. नक्कल म्हणून सांगितलं, नकलेचाच भाव घेतला. ओली रास आमची होती. आठ दिवस आम्ही हात घालून तपासत होतो ते ओल सापडावी म्हणून नाही, दुसऱ्याच्या हाताला ती लागणार तर नाही ना हे बघायला.

तेवढ्यात मुलगी पाणी प्यायला उठली.

दारात उभी राहून तिनं विचारलं, "काय चाललंय?" लपवायला वेळच नव्हता. पेटी उघडी, कार्ड बाहेर, आमच्या हातात सोनाराचं भिंग. आम्ही म्हटलं, तुझ्या दूल्ह्यासाठी आहे. तिनं घड्याळ उचललं, डायलवरचं नाव वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. आम्हाला वाटलं, ओळखलं. पण तसं नव्हतं.

"किती कर्ज काढलंत?" ती म्हणाली.

आम्ही गप्प.

"दुकान गहाण टाकलं का? अम्मी, तुझ्या बांगड्या कुठं आहेत? मला दाखव." ती खरोखरच कपाटाकडं जायला निघाली. "हे उद्या परत करायचं. मला अशा घरात जायचं नाही जिथं जाण्यासाठी तुम्ही रस्त्यावर याल." तिला रडू यायला लागलं. पुराच्या वेळी ती कॉलेजात होती. भिजलेल्या वह्या गच्चीवर वाळत घालायला तीच आमच्याबरोबर होती. आठ-दहा लाखांचा अर्थ तिला कळत होता.

आम्ही ठरवलं होतं की मुलीला काही सांगायचं नाही, म्हणजे तिच्यावर खोटं बोलायची वेळ येणार नाही. हा आमचा तिच्यावरचा उपकार. आता दिसत होतं की तिनं हे घड्याळ खरं मानलं तर ती आयुष्यभर आमच्या कर्जाचं ओझं डोक्यावर घेऊन सासरी राहील, असलं कर्ज, जे आम्ही घेतलंच नाही.

सांगितलं. किंमत, विक्रेता, कार्ड, शारजाचा फोन, सगळं. सांगताना एक एक गोष्ट आणखी वाईट ऐकू येत होती. ती ऐकता ऐकता खुर्चीवर बसली. आधी तिचा श्वास सुटला, की कर्ज नाही. मग ती बराच वेळ घड्याळाकडं बघत राहिली.

"त्यांनी मेहरमध्ये जो सोन्याचा हार कबूल केलाय," ती म्हणाली, "तो पितळेचा निघाला असता तर?"

आमच्याकडं उत्तर होतं. आम्ही मंगनी मोडली असती. चार माणसांत त्यांचं नाव काढलं असतं. सोनाराचं भिंग टेबलावरच पडलं होतं.

"आणि उद्या ते घड्याळ बंद पडलं, कुवेतला त्याच्या भावानं दुकानात दाखवलं, तर तोंड कुणी द्यायचं? तुम्ही इथं. मी तिथं."

यावर आम्ही काहीच बोललो नाही. ती पाणी न पिताच आत गेली.

दुसऱ्या दिवशी विक्रेत्याला लिहिलं की घड्याळ परत घ्या, वाटल्यास दोन हजार कापून घ्या. दोष काय, त्यानं विचारलं. दोष काही नाही. मग परत का? यावर आम्हाला चार ओळींत लिहिता येईल असं काही सुचलं नाही. संध्याकाळपर्यंत त्यानं आमचा नंबर बंद केला होता. भाचा म्हणाला, मी विकून देतो, पाच मिनिटांत जाईल. दुकानात येणाऱ्या एका वकिलाला आम्ही आडून आडून विचारलं. तो म्हणाला, खोट्या नाममुद्रेचा माल विकणं हा ट्रेड मार्क्स कायद्याखाली, १९९९ च्या, गुन्हा आहे; सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. भाच्याला नाही म्हटलं. कायद्याच्या भीतीनं म्हटलं की कशानं, ते सोडा. शारजाला फोन करून सांगितलं की तू काही आणलेलं नाहीस. तो म्हणाला, "बरं." त्यानं तेव्हाही का म्हणून विचारलं नाही.

हमीचं कार्ड मात्र आम्ही कापलं. प्लॅस्टिक कडक होतं, कात्रीला जोर लावावा लागला.

मुलीनं मुलाला सरळ विचारलं की तुला कसलं घड्याळ आवडतं. त्याचं उत्तर आलं की तो घड्याळ घालतच नाही, घामानं मनगटाला पुरळ येते. पण खालानं काही म्हटलं असेल तर अब्बांना सांग, त्यांना सोसेल ते आणा, पट्टा चामड्याचा असू दे. आम्ही टायटनचं घेतलं. सहा हजारांच्या आतलं. दुकानदारानं बिलावर शिक्का मारून कार्ड भरून दिलं. तारीख त्या दिवसाची, दुकान चिपळूणचं. एवढ्याशा गोष्टीचं समाधान वाटावं, इतके आम्ही त्या दिवसांत खाली आलो होतो.

निकाह झाला. खुत्बा झाला, छुहारे वाटले, मुलांची झुंबड उडाली. फोटोच्या वेळी खाला जवळ आली आणि तिनं नवऱ्या मुलाचा हात उलटा करून डायलवरचं नाव वाचलं. आमचे श्वास थांबले होते. "टायटन," ती म्हणाली. "हं." आणि मग तिनं विचारलं की बिर्याणीचा बावर्ची कुठला, खेडचा का? आम्ही म्हटलं, हो, खेडचाच. मसाला जरा जास्त झालाय म्हणाली, पण भात छान मोकळा आहे.

ज्या 'हं'च्या भीतीनं आम्ही आठ रात्री जागलो, तो एवढाच होता.

मुलीनं हे सगळं त्याला कधी सांगितलं माहीत नाही. पहिल्या ईदला दोघं आली तेव्हा शीरखुर्मा झाल्यावर जावई म्हणाला, "अब्बा, ते दुसरं घड्याळ बघायचंय." आम्ही एकमेकांकडं बघितलं. मुलगी खाली मान घालून हसत होती. कपाटातून पेटी काढली. घड्याळ केव्हाच बंद पडलं होतं, कुठल्या तरी दिवशी चार वाजून दहा मिनिटांनी. त्यानं चावी फिरवली, ती करकर ऐकून भुवई उंचावली, मोबाइलवर बघून वेळ लावली, मनगटावर चढवलं. सेकंद काटा तरंगत निघाला. हात दिव्याखाली धरून, पाठ उलटी करून त्यानं बराच वेळ बघितलं.

"चांगलं बनवलंय," तो म्हणाला आणि काढून उशीवर ठेवलं. मनगटावर पट्ट्याची खूण उमटली होती, ती त्यानं दुसऱ्या हातानं चोळली. मग चहा आला.

पूर्ण चावी दिली की ते चाळीसेक तास चालतं. ती दोघं महाडला परत गेल्यावरही ते कपाटात चालू होतं.